ज्या कलाकारांचं बालपण मारझोडीत गेलं त्यांना आईवडिलांचा रागच येत असेल ना?

नुसता राग नाही हो, राग आणि माया एकमेकांत इतकी गुंतलेली असते की त्या माणसालाच सुटत नाही. मायकल जॅक्सन घ्या. १९९३ला ओप्रा विन्फ्रीच्या टीव्ही मुलाखतीत म्हणाला की बापाला बघून कधीकधी उलटीसारखं व्हायचं, रिहर्सलला बाप पट्टा घेऊन बसायचा असं पुढे २००३च्या एका माहितीपटात सांगितलं, आणि तोच माणूस २००१ला ऑक्सफर्डच्या भाषणात बापाला माफ करायची भाषा करतो. पण २००२च्या मृत्युपत्रात आईचं नाव आहे, मुलांची पालक म्हणून, बापाचं नाहीच! म्हणजे माफी वेगळी आणि भरवसा वेगळा.

चॅप्लिनचं बालपणही हालाचंच. बाप दारूपायी गेला, आई मनोरुग्ण, तिला त्याने १९२१ला अमेरिकेत आणून सांभाळलं.

आमच्या वेंगुर्ल्याकडे एक दशावतारी आहेत, नाव नको, लहानपणी बापाचा मार चुकवायला जत्रेतल्या कंपनीच्या पेटाऱ्याआड झोपायचे आणि तिथंच नाटकाला लागले. आता राक्षसाचं काम असं करतात की पुढे बसलेली पोरं उठून आईच्या मांडीत जातात. आवाज कुठून आणलात विचारलं तर हसून म्हणाले, 'घरातसूनच.' (मला तर काटाच आला.) तोच बाप आता अंथरुणाला खिळलाय, आणि हे रात्रभर नाटक करून पहाटे घरी आले की तोंडावरचा रंग पुरता निघायच्या आधी त्याला पेज भरवतात. बोलत मात्र काही नाहीत.