दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी या खेळण्यातल्या गाडीला ठेवल्या ठिकाणी तडे जातायत, थांबवता येतील का?

पूर्ण थांबवता येत नाहीत, पण वेग बराच कमी करता येतो. याला संग्राहक 'झिंक पेस्ट', म्हणजे जस्ताची कीड म्हणतात. कीड नावापुरतीच, शेजारच्या गाडीला ती लागत नाही. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या असतात. ओतताना त्यात शिशाचा अंश राहिला, तर धातूच्या कणांमधल्या सीमा आतून गंजतात, धातू फुगतो आणि चिरत जातो. १९३४ पासून महायुद्धापर्यंत लिव्हरपूलच्या मेकॅनो कारखान्यातून निघालेल्या डिंकी गाड्यांत हा दोष खूप दिसतो. आधी चाकं बघा: कडेचे टवके निघतात, मग बॉनेटवर जाळीसारख्या बारीक रेषा उमटतात आणि सरळ असलेली गाडी केळ्यासारखी वाकते.

दमटपणा आणि उष्णता हे दोन शत्रू. मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यात गाडी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या वेळेवर बदला. उचलताना छताला धरू नका, खालून तळहाताचा आधार द्या. वाकलेला भाग सरळ करायला तर अजिबात जाऊ नका, हातात तुकडे येतील. फुटलेल्या चाकांऐवजी नव्याने ओतलेली चाकं मिळतात. ती बसवलीत तर विकताना तसं सांगा.

मात्र नुसता रंग फुगला असेल आणि खालचा धातू सलग, गुळगुळीत असेल, तर ही कीड नसून फक्त रंगाचा दोष असण्याची शक्यता जास्त.