हॉलमधला अरेका पाम पिवळा पडतोय, पावसात बाहेर ठेवू का?

तुमचा प्रश्न असा: बेळगावात फ्लॅटच्या हॉलमध्ये अरेका आहे, पानांची टोकं करपतात, खालची पानं पिवळी होतात. जूनमध्ये बाहेर काढू का, आणि छताला टेकायला लागलाय तर वरून छाटू का?

छाटायचा विचार आधी सोडा. पामच्या प्रत्येक खोडाला वाढणारा कोंब एकच, तो शेंड्याला. तो कापला की ते खोड पुन्हा फुटत नाही. अरेकाला बुडातून नवे फुटवे येतात म्हणून सगळा गड्डा मरणार नाही, पण छाटलेलं खोड गेलंच समजा. उंची खटकत असेल तर सगळ्यात उंच खोड बुडापासून काढा.

आता शेंड्यातलं न उघडलेलं, गुंडाळलेलं पान बघा. चिमटीत धरून हलकेच ओढा. घट्ट आणि हिरवं असेल तर खालच्या एखाद्या पिवळ्या झावळीची काळजी करू नका, जुनं पान वाळतंच. सुळकन हातात आलं आणि बुडाशी कुजका वास आला, तर शेंडा सडलाय. एकदम पाच-सहा पानं पिवळी पडत असतील तर बहुतेक वेळा पाणी जास्त होतंय. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका.

करपलेल्या टोकांना मात्र बोअरचं पाणी कारण असू शकतं. कुंडीच्या कडेला, मातीवर पांढरा थर दिसतोय का? ते क्षार आहेत. हॉलमधल्या पंख्याखालची कोरडी हवाही टोकं करपवते. करपलेलं टोक कापताना तपकिरी कड किंचित ठेवा, हिरव्यात कात्री गेली की तिथून पुन्हा वाळतं.

म्हणून जूनमध्ये बाहेर काढायचं तुमच्या मनात आलंय ते अगदी बरोबर आहे. मी टिळकवाडीत राहते, आमच्याकडच्या कुंड्या पावसाळ्यात अंगणातच असतात. आपल्याकडचा पाऊस मातीतले क्षार धुऊन नेतो, आणि आभाळ भरलेलं असल्यामुळे सावलीत वाढलेली पानं भाजत नाहीत. फक्त बशी काढून टाका आणि खालची भोकं मोकळी आहेत ना ते बघा. खरा धोका पाऊस उघडल्यावर असतो. ऑक्टोबरच्या उन्हात पानांवर पांढुरके डाग पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. तेव्हा आभाळ मोकळं व्हायला लागलं की कुंडी पूर्वेच्या भिंतीशी सरकवा, सकाळचं कोवळं ऊन पुरे.

थंडीत पाणी निम्मं करा, खत बंद. मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या मागे बारीक जाळी आणि फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी ही बारीक कीड लागली आहे. पानांची मागची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, मग संध्याकाळी निंबोळी तेल मारा.

पुढे जमिनीत लावायचा विचार असेल तर खानापूरकडच्या तांबड्या मातीत शेणखत घालून सरळ लावा. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत पाणी धरतं, तिथे उंचवटा करून त्यावर लावा. लावायचं तेही पावसाच्या सुरुवातीलाच.