साठ वर्षांपूर्वीच्या घटनांचा आजच्या बातम्यांशी खरंच काही संबंध असतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘पुण्यात पाणी शिरलं की लगेच कुणीतरी पानशेत काढतं. ते उगाळून आजच्या माणसाला काय मिळतं?’ हे वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून वीस वर्षं ऐकत आलेय. म्हणून लिहायला बसले.

आमचं घर शनिवार पेठेतलं, ओंकारेश्वराच्या जवळ, मुठा नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला बाबा बारा वर्षांचे होते. सकाळी पानशेतचं अर्धवट बांधलेलं मातीचं धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही गेलं आणि पेठांमध्ये जे पाणी भरलं ते पुण्यानं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आजीनं तीन पोरांना घेतलं, कपाटाला कुलूप लावलं (ते कुलूप लावल्याचं ती शेवटपर्यंत सांगायची) आणि तुळशीबागेपाशी नातेवाइकांच्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसली. दोन दिवसांनी परतली तेव्हा वाड्याच्या मातीच्या भिंती विरघळून बसल्या होत्या. दगडी जोतं आणि पुढची चौकट तेवढी उभी. गुडघाभर गाळ. त्या गाळातून बाबांनी एक पितळी डबा ओढून काढला. झाकण गाळानं इतकं घट्ट बसलं होतं की दगडानं ठोकून उघडावं लागलं, आणि आत तांदूळ कोरडे होते. ते तांदूळ त्यांनी चार दिवस पुरवून खाल्ले. नळाला पाणी नव्हतं, कारण शहराला पाणी देणारं खडकवासलाच उरलं नव्हतं. वाड्यावाड्यांतल्या बुजत आलेल्या विहिरी लोकांनी पुन्हा उपसल्या.

मग गोखलेनगरची निसन हट. अर्धगोल पत्र्याचं घर, उन्हाळ्यात आत बसवत नाही, पावसात बोललेलं ऐकू येत नाही. बाबांची मॅट्रिक तिथून झाली.

हे तुम्हाला घरगुती रडगाणं वाटेल, पण आजचं पुणं ह्याच्यावर उभं आहे. नदीकाठच्या पेठांमधले वाडे गेले, माणसं लोकमान्यनगर, सहकारनगर, गोखलेनगर अशी नदीपासून लांब सरकली. त्यांच्या पुनर्वसनाच्या कामाला सनदी अधिकारी स. गो. बर्व्यांना पुण्यात परत आणलं होतं. पूरग्रस्तांच्या सोसायट्यांना ज्या जागा दिल्या, त्या त्यांच्या मालकीच्या करायचा प्रश्न अर्धशतकाहून जास्त रेंगाळला. त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील आणि ‘हे पूरग्रस्त कुठले आता?’ म्हणून पान उलटलं असेल. ते पूरग्रस्त म्हणजे माझी आजी.

आता माझ्या भावाचं सांगते.

२००४ मध्ये दादानं सिंहगड रस्त्याला नदीच्या बाजूला फ्लॅट बुक केला. तळमजला, कारण वहिनीच्या आईचे गुडघे. भाव परवडणारा, मागे मोकळं, वारा छान. बाबा साइट बघायला आले. पायाचे खड्डे नुकतेच खणले होते. बाबा फ्लॅटचा नकाशा बघायच्या ऐवजी मातीच्या ढिगाऱ्यापाशी गेले आणि खाली वाकून एक गोटा उचलला. गुळगुळीत, अंड्यासारखा. मुकादमाला विचारलं, ‘असे किती निघाले?’ तो म्हणाला, ‘साहेब, खाली सगळे हेच आहेत.’ बाबांनी तो गोटा दादाच्या हातात ठेवला. ‘हा इथं कुणी आणून ठेवला?’

दादा चिडला. वास्तुशांतीच्या गोष्टी चालल्या असताना हे काय. त्याचं म्हणणं तेव्हापासून एकच: पानशेत म्हणजे धरण फुटलं होतं, तो अपघात होता, तसं परत होणार नाही. बाबा म्हणाले, ‘पाण्याला काय माहीत धरण फुटलंय का सोडलंय?’ त्यावर दोघं आठ महिने बोलले नाहीत. वास्तुशांतीला बाबा आले, जेवले, आणि संध्याकाळी एकटेच मागच्या बाजूनं नदीपर्यंत चालत गेले. पावलं मोजून आले. एकशेऐंशी.

दादाचा मुद्दा बऱ्याच शिकल्या-सवरल्या लोकांना पटतो म्हणून त्यावर थांबते. पानशेत अपघात होता हे खरं. पण त्या दिवशी नदीनं तिची जागा कुठवर आहे हे दाखवून दिलं. ती माहिती फुकट मिळाली नव्हती, माणसं मेली होती, हजारो संसार गेले होते. ‘धरण फुटलं म्हणून’ असं म्हटलं की ती सगळी माहिती रद्दीत घालायला मोकळं होतं. माझं स्पष्ट मत आहे की ह्या शहरानं नेमकं हेच केलं. मुठेला चार धरणं: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. मिळून २९ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) वर पाणी. त्यात शहराच्या डोक्यावर बसलेलं खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. वरची धरणं भरली, किंवा नुसता खालच्या पाणलोटात जोरात पाऊस झाला, की खडकवासल्याला पाणी धरून ठेवता येत नाही. आलं तेवढं पुढं सोडावंच लागतं. आणि पुढं आपण काय ठेवलं? भराव, पार्किंग, पात्रातला रस्ता, मेट्रोचे खांब, सोसायट्या.

२५ जुलै २०२४. रात्रभर कोसळत होता. पहाटे खडकवासल्याचा विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) वर गेला. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लष्कर बोलवावं लागलं हे तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. डेक्कनला पुलाच्या वाडीत तीन तरुण पोरं विजेचा धक्का लागून गेली. दादाचा फोन सहाच्या आत आला. त्याच्या घरात कमरेच्या वर पाणी, फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकलेला, सगळे दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. बाबा २०१७ सालीच गेले, त्यांनी हे बघितलं नाही. मी दुपारी पोचले तेव्हा पाणी उतरलं होतं आणि वास तोच असावा जो आजी सांगायची, ओल्या गाळाचा आणि रॉकेलचा, फक्त रॉकेलच्या जागी गाड्यांचं ऑइल. वहिनी पोरीच्या दहावीच्या वह्या एकेक पान सुटं करून गच्चीत वाळत घालत होती. मी तिच्या शेजारी बसून पानं वेगळी केली. त्या दिवशी मी दादाला एक शब्द बोलले नाही.

पण आकडा सांगते. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, मुठेला ६० हजार क्युसेकला धरलेली आहे. लाल रेषा, शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, एक लाखाला. लोकांच्या घरात पाणी गेलं ते पस्तीस हजारांच्या आसपास. म्हणजे नदी तिच्या रेषेत येण्याच्या आधीच आपण तिच्या आत जाऊन बसलो होतो. १९६१ विसरलं नसतं तर हे आकडे सांगायची वेळ आली नसती. बातमीत मात्र ‘ढगफुटीसदृश’ आणि ‘न कळवता पाणी सोडलं’ एवढंच येतं. न कळवण्याचा राग बरोबर आहे, मलाही आहे. तरी कळवलं असतं तर माणसं आणि गाड्या वाचल्या असत्या, घरं तिथंच होती.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा चढला तेव्हाही हेच. तो ओढा पेशवाईत वळवलेला आहे, आणि वळवल्यावर जी वाट दिली ती आपण शंभर ठिकाणी आवळली. त्यावर सविस्तर लिहिण्यासारखं आहे, इथं नको.

तुमचा मूळ प्रश्न सगळ्याच बातम्यांबद्दल होता. सगळ्यांचं मला सांगता येणार नाही. माझ्यापुरतं इतकं की बातमीत एखाद्या जागेचं नाव आलं की ती जागा आधी कुणाची, कशाची होती हे मी विचारते. पुण्यात नदीजवळ घर घेत असाल तर बिल्डरचा कागद बघाच, परवानगी बघाच, पण परवानगी दादाकडेही होती. त्यामुळं पूररेषेचा नकाशा स्वतः काढून बघा आणि त्या गावातला सत्तरीच्या पुढचा एखादा शेतकरी गाठा. विठ्ठलवाडी, वडगाव, हिंगणे इथं अजून अशी माणसं आहेत. पाणी कुठल्या झाडापर्यंत यायचं ते ती बोट दाखवून सांगतात.

एक मात्र राहिलं, आणि ते आधी सांगायला हवं होतं. पुलाच्या वाडीतला किंवा आंबिल ओढ्यावरच्या दांडेकर पुलाजवळचा माणूस चुकीची जागा निवडून तिथं गेलेला नाही. त्याला परवडणारी जागा तीच होती. त्याला ‘इतिहास वाचायला हवा होता’ म्हणणं नीचपणाचं आहे. माझा राग ज्यांना निवडता येत होतं त्यांच्यावर आहे, आणि ज्यांनी नकाशे रंगवले त्यांच्यावर.

दादाला निवडता येत होतं. आता तो धायरीला वरच्या मजल्यावर राहायला गेलाय आणि खालचा फ्लॅट रंगवून भाड्यानं द्यायला काढलाय. भिंतीवरची गाळाची रेघ पुट्टीखाली गेली. गेल्या महिन्यात तो गावाला होता म्हणून फ्लॅट दाखवायला किल्ली माझ्याकडे दिली होती. एक नवरा-बायको आले, लातूरकडचे, दीड वर्षाचं मूल. एजंट म्हणाला, ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही, चोवीस तास नळ.’ मी त्यांना मागच्या खिडकीशी नेलं आणि सगळं सांगितलं. ती मुलगी म्हणाली, ‘ताई, किती वर आलं होतं?’ मी भिंतीला हात लावून दाखवला. तिनं मुलाला कडेवरून खाली उतरवून त्या हाताशी उभं केलं, बघितलं, आणि परत उचलून घेतलं.

त्यांनी फ्लॅट घेतला नाही. दादा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. किल्ली अजून माझ्याकडेच आहे आणि पुढचं कुणी बघायला आलं तर त्यांनाही मी सांगणार आहे.