मुलीला राजकीय अभ्यासक व्हायचंय. पोट भरेल का, आणि कुणी केस घातली तर?

प्रश्न : मुलगी कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. आमच्या भागातून अनेकदा निवडून आलेल्या एका नेत्याच्या कारकिर्दीवर आणि वादांवर तिनं चाळीस पानं लिहिली आहेत. पुढंही हेच करायचं म्हणते. यात नोकरी आहे का? उद्या कुणी अब्रुनुकसानीचा दावा लावला तर? दोन पानं सोबत जोडली आहेत. – एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : पानं लक्ष देऊन वाचली. भाषा चांगली आहे, मेहनतही दिसते. पण त्यातल्या एका वाक्यामुळं तुमचे दोन्ही प्रश्न उभे राहतात : ‘घोटाळ्यात अडकले, पण पुढे निर्दोष सुटले.’ कोणतं वर्ष, कुठलं कोर्ट, कोणती पायरी, यातलं काहीच त्यात नाही. आरोप, तक्रार, एफआयआर, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, निकाल, अपील या सात वेगळ्या गोष्टी आहेत. आरोपनिश्चितीआधीच, म्हणजे कोर्टानं आरोप ठरवण्याआधीच, सोडणं म्हणजे डिस्चार्ज. साक्षीपुरावे होऊन सुटणं म्हणजे निर्दोष मुक्तता. सरकारनं खटलाच मागं घेणं ही तिसरीच गोष्ट. ऑगस्ट 2021 पासून आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागं घेता येत नाहीत. वर्तमानपत्रात तिन्हींना सर्रास ‘क्लीन चिट’ म्हणतात. अभ्यासकाला तसं म्हणून चालत नाही. हा फरक कागदावरून ओळखता येणं, हेच या कामाचं मुख्य कौशल्य आहे.

म्हणून तिला माझा स्पष्ट सल्ला आहे : स्थानिक नेत्याची चाळीस पानं सहा महिने बाजूला ठेव. आधी संपलेली, कागदपत्रं उघड असलेली कारकीर्द घे. बॅ. ए. आर. अंतुले यांची घ्यावी. 1962 पासून विधानसभेत, जून 1980 ते जानेवारी 1982 मुख्यमंत्री, नंतर खासदार आणि केंद्रीय मंत्री, 2014 मध्ये निधन. त्यांच्याच काळात 1981 मध्ये कुलाब्याचं रायगड झालं आणि 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग व जालना हे जिल्हे झाले. संजय गांधी निराधार योजनाही त्याच काळातली. वादांवर लिहिताना ही बाजू गाळली, तर कारकीर्द अर्धीच राहते.

आता वाद. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. अंतुल्यांनी स्थापलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या आणि बिल्डरांना झालेलं सिमेंट वाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी काढला आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं. नवखा लेखक इथंच घसरतो. तो रिट याचिकेवरचा, म्हणजे सरकारच्या कृतीला आव्हान देणाऱ्या अर्जावरचा, निकाल होता. फौजदारी शिक्षा नव्हती. फौजदारी खटला रामदास नायक यांच्या खासगी तक्रारीवरून चालला. लोकसेवकावर खटला चालवायला आधी मंजुरी लागते, या मुद्द्यावर विशेष न्यायाधीशांनी तो थांबवला. फेब्रुवारी 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की भारतीय दंड संहितेच्या कलम 21 नुसार आमदार लोकसेवक नाही, त्यामुळं त्या मंजुरीची गरज नाही. आणि खटला उच्च न्यायालयाकडं सोपवला. एप्रिल 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या खंडपीठानं बहुमतानं सोपवण्याचा हाच आदेश मागं घेतला, कारण कायद्यानं असा खटला विशेष न्यायाधीशापुढंच चालायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचीच चूक दुरुस्त केली, म्हणून हा निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. पण 1988 च्या निकालानं अंतुले निर्दोष ठरले असं लिहिलं तर चूक, आणि 1982 च्या निकालानं गुन्हेगार ठरले असं लिहिलं तरीही चूक. शिवाय ‘आमदार लोकसेवक नाही’ हे आज जसंच्या तसं लिहिता येणार नाही : 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकप्रतिनिधी लोकसेवक ठरतात, असं 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नरसिंह राव प्रकरणात सांगितलं.

डिसेंबर 2008 मध्ये केंद्रीय मंत्री असताना हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल अंतुल्यांनी केलेल्या विधानाचा वाद वेगळ्या जातीचा. तो कोर्टात नाही, लोकसभेच्या कामकाजात शोधायचा.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहात मोफत मिळतात. प्रत्येक घटनेला वहीचं एक पान, त्यावर पाच रकाने : तारीख, मंच (कोर्ट की सभागृह), नेमकं काय झालं, मूळ कागद, आणि नेत्याची बाजू. मूळ कागदाचा रकाना रिकामा असेल तर ते वाक्य लेखात जाणार नाही, एवढा कडक नियम पाळावा.

स्थानिक नेत्याकडं परत येताना एक खाचखळगा आहे. 2009 च्या निवडणुकीपासून मतदारसंघ बदलले, जिल्ह्यातल्या 12 जागांच्या 10 झाल्या. पन्हाळा, सांगरूळ, वडगाव यांच्यासोबत तुमचा गडहिंग्लज मतदारसंघही गेला आणि तालुका कागल व चंदगडमध्ये विभागला गेला. म्हणून 2004 आणि 2009 चं मताधिक्य शेजारी ठेवून ‘लोकप्रियता घटली’ असं लिहिता येत नाही. मालमत्ता आणि खटल्यांसाठी उमेदवारी अर्जासोबतचं नमुना 26 चं प्रतिज्ञापत्र बघावं; राज्यात विधानसभेला ते 2004 पासूनचं धरावं. त्यातला आकडा उमेदवारानं स्वतः जाहीर केलेला असतो, कुणी तपासलेला नसतो, हे वाक्यातच यावं. जुनं मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज : 10 रुपये शुल्क, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तराला 30 दिवस. ‘सर्व माहिती द्या’ असं लिहिलं की अर्ज हमखास अडकतो. कागदाचं नाव आणि वर्ष लिहावं.

तुमच्या भीतीबद्दल. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पण न्यायालयीन कामकाजाचा खरा वृत्तांत आणि लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, या दोन्हींना त्यात अपवाद आहे. वरचे पाच रकाने भरलेले असतील तर संरक्षण हातातच असतं. नावाशिवाय ‘असं बोललं जातं’ लिहून मात्र कुणी दाव्यातून सुटत नाही. तेवढं तिनं आजच पुसावं.

आणि पोट. नुसतं ‘राजकीय विश्लेषक’ या नावाची कायम नोकरी फारशी नसते. निवडणूक सल्लागार कंपन्यांचं काम हंगामी असतं. तिच्यासाठी मला तीन वर्षांचं एलएलबी सर्वांत योग्य वाटतं. सीईटी द्यावी लागते, खुल्या गटाला पदवीत 45 टक्के लागतात, आणि कोल्हापुरातच शिकता येतं. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) इथं सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपला जिल्हा त्याच्याकडं आहे. निकाल वाचून सोप्या मराठीत बातमी करणाऱ्या माणसाची इथं गरज वाढणार, असं माझं मत आहे. वकिलीचा पर्यायही हातात राहतो. प्राध्यापकीच करायची असेल तर शिवाजी विद्यापीठातून एम.ए. आणि मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. एम.ए.ला गेली तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी विधिमंडळ संसदीय अभ्यासवर्ग घेतं, त्यासाठी विभागात आधीच नाव सांगून ठेवावं.

एक गोष्ट घरी पाळा : त्या नेत्याच्या कार्यालयात तिनं आत्ता पगारावर काम घेऊ नये, आणि विरोधकांकडूनही कागद घेऊ नयेत. दोन्हीकडचे कागद खरे असले तरी निवडलेले असतात. या आठवड्यात तिला 1988 च्या निकालाची पहिली वीस पानं वाचायला सांगा, आणि न कळलेले शब्द वहीत उतरवायला. तो यादीचा कागद घेऊन ती आली, की पुढचं बोलू.