खलाशी टिकत का नाहीत?

प्रश्न: माझ्या ट्रॉलरवर (जाळे ओढून मासेमारी करणाऱ्या बोटीवर) तांडेलासह, म्हणजे बोटीच्या प्रमुखासह, ८ माणसे लागतात. हंगामाच्या सुरुवातीला उचल देऊन खलाशी आणतो, पण दोन-तीन फेऱ्यांतच निम्मे निघून जातात. विक्रीतला वाटा वाढवूनही फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर: वाटा किती, यापेक्षा तो कसा निघतो हे खलाशाला कळते का, ते आधी तपासा. समजा, विक्री १०० झाली. डिझेल, बर्फ, रेशन या सामायिक खर्चात ४० गेले. उरलेल्या ६० पैकी ३० बोटीचे, ३० माणसांचे. तांडेलाचे २ वाटे, इंजिन ड्रायव्हर आणि जाळे सांभाळणारा मुख्य खलाशी यांचे दीड-दीड, बाकी पाच जणांचा एकेक. एकूण १० वाटे, एका वाट्याला ३. आता इंजिन दुरुस्तीचे १० सामायिक खर्चात घातले, की वाटा अडीचवर येतो. कमाईचा सहावा हिस्सा गेला आणि कशात गेला ते खलाशाला समजलेच नाही! दुरुस्ती, जाळी, विमा, कर्जाचे हप्ते बोटीच्या निम्म्यातूनच गेले पाहिजेत. सामायिक खर्चाची यादी पहिल्या फेरीआधीच कागदावर लिहा. प्रत्येक फेरीनंतर विक्रीच्या पावत्या सर्वांपुढे ठेवून हिशोब करा.

उचल एकरकमी देऊ नका. थोडी सुरुवातीला, बाकी फेरीगणिक द्या आणि कपातीचा आकडा ठरवून घ्या. सगळा वाटा उचलीत वळता झाला, तर घरी पाठवायला काहीच उरत नाही; मग माणूस पळतो.

दुसरे कारण झोप. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००७ च्या मासेमारी कामविषयक करारानुसार (क्रमांक १८८) तीन दिवसांहून जास्त समुद्रात राहणाऱ्या बोटीवर २४ तासांत किमान १० आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती हवी. दर तीन तासांनी जाळे ओढून लगेच मासळी निवडायला सगळेच उभे राहिले, तर हे जमणार नाही. दोन पाळ्या करा. माणूस कमी पडत असेल तर ओढी कमी करा. झोप न झालेल्या माणसाचा हात विंचमध्ये (जाळे ओढणाऱ्या यंत्रात) जातो.

प्रश्न: एजंट खलाशाकडून भरतीचे पैसे घेतो. चालेल का?

उत्तर: नाही. याच करारानुसार भरतीचा खर्च खलाशावर टाकता येत नाही. तो मालकाने द्यावा. ओळखपत्र, पासपोर्टही ठेवून घेऊ नका. ते खलाशाकडेच राहिले पाहिजेत.