‘परीक्षा कोणती द्यावी लागते?’ अमेरिकेत फेडरल न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या आईस उत्तर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. न्यू जर्सीतील एडिसन येथे अकरावीत शिकणाऱ्या आपल्या कन्येने नूअर्कच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयात आपला नागरिकत्वाचा शपथविधी पाहिला, शपथ देणाऱ्या न्यायाधीश बाईंचे बोलणे तिच्या मनात घर करून राहिले, आणि तेव्हापासून ‘मला हेच व्हायचे आहे’ असा तिने ध्यास घेतला आहे, असे आपण लिहिले आहे. आपले थोरले बंधू साताऱ्याकडे न्यायदंडाधिकारी होते, त्यामुळे परीक्षा कोणती, ती कोणत्या वयात देता येते आणि आतापासून काय तयारी करावी, हे आपले प्रश्न अगदी स्वाभाविक आहेत.

अशी परीक्षा अमेरिकेत नाही. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेऊन आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन तरुण वयात न्यायाधीश होता येते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, एवढाच काय तो फरक. अमेरिकेत फेडरल जिल्हा न्यायाधीशाचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सिनेट, म्हणजे संसदेचे वरिष्ठ सभागृह, बहुमताने त्याला संमती देते. राज्यघटनेने वयाची किंवा पदवीची कोणतीही अट घातलेली नाही. परंतु अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची समिती साधारणपणे बारा वर्षांच्या वकिलीची अपेक्षा धरते, आणि प्रत्यक्षात बहुतेकांची नेमणूक चाळिशीत किंवा पन्नाशीत होते. देशभरात ९४ जिल्हे आणि जेमतेम पावणेसातशे जागा आहेत. नेमणूक तहहयात असल्याने जागा कधी रिकामी होईल, त्या वेळी राष्ट्राध्यक्ष कोण असतील, आपल्या राज्याचे दोन सिनेटर अनुकूल असतील की नाही, हे कोणाच्याही हातात नसते. म्हणून मी पालकांना स्पष्टच सांगते की हे पद ठरवून मिळवता येत नाही. ज्या वकिलीतून माणसे तेथवर पोहोचतात, ती वकिली मात्र ठरवून करता येते, आणि ती करण्यातच आयुष्याचे समाधान वाटणार असेल, तरच या वाटेला लागावे.

वाट अशी आहे. आधी कोणत्याही विषयातील चार वर्षांची पदवी, मग एलसॅट ही कायद्याच्या महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा, तीन वर्षांची जे.डी. ही कायद्याची पदवी आणि वकिलीच्या परवान्यासाठी राज्याची बार परीक्षा. त्यानंतर एखाद्या न्यायाधीशाकडे एक-दोन वर्षे ‘लॉ क्लर्क’ म्हणून काम मिळाले तर फार चांगले. हा शब्द ऐकून आपण कारकुनी समजू नये. लॉ क्लर्क न्यायाधीशांसाठी कायद्याचा शोध घेतो, दोन्ही बाजूंचे अर्ज तपासतो, निकालपत्राचा कच्चा मसुदा लिहितो. या नोकरीसाठी उत्तमोत्तम पदवीधरांमध्ये चुरस असते. पुढची वर्षे सरकारी वकील, सरकारने नेमलेली बचाव वकील किंवा खासगी वकील म्हणून कोर्टात उभे राहण्यात जातात.

मोठ्या नावाच्या विद्यापीठाची चिंता आपल्या पत्रात जागोजागी डोकावते, म्हणून आपल्याच परिसरातील एक उदाहरण देते. न्यायाधीश एस्थर सालास युनियन सिटीत वाढल्या, पदवी आणि कायद्याचे शिक्षण दोन्ही त्यांनी रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात घेतले, नऊएक वर्षे नूअर्कमध्ये गरीब आरोपींच्या बचावाचे काम केले, २००६ मध्ये तेथेच मॅजिस्ट्रेट जज, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांना साहाय्य करणाऱ्या न्यायाधीश, झाल्या आणि २०११ मध्ये जिल्हा न्यायाधीश. दुसरे उदाहरण इंदिरा तलवानी यांचे. वडील भारतातून आलेले, जन्म न्यू जर्सीतला. हार्वर्ड आणि बर्कली येथील शिक्षणानंतर त्यांनी एका फेडरल न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून काम केले, पुढे कामगार संघटनांची वकिली केली, आणि २०१४ मध्ये सिनेटने ९४ विरुद्ध ० मतांनी त्यांना मॅसॅच्युसेट्ससाठी संमती दिली. दोघींनीही न्यायाधीश होण्याआधी अनेक वर्षे अशा लोकांची बाजू मांडली, ज्यांना दुसरे कोणी सहज मिळाले नसते.

आता कामाविषयी. शपथविधी हा त्या न्यायाधीशांच्या महिन्यातला बहुधा सर्वांत आनंदाचा तास असतो, आणि आपल्या कन्येने नेमका तोच पाहिला आहे. एरवीचा बराचसा दिवस एकटीने वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. पेटंट, नोकरीतील भेदभाव, तुरुंगातील कैद्यांच्या तक्रारी, अमली पदार्थ, कर, असे सगळे एकाच टेबलावर येते. ज्युरीपुढचे खटले थोडे असतात, कारण फौजदारी प्रकरणांतील सुमारे नव्वद टक्के आरोपी गुन्हा कबूल करतात. सहा महिन्यांहून जास्त काळ निर्णयाविना पडून राहिलेल्या अर्जांची यादी न्यायाधीशाच्या नावानिशी वर्षातून दोनदा जाहीर होते, त्यामुळे आळसाला जागा नसते.

सर्वांत जड काम शिक्षा सुनावण्याचे. अपिलाला तीन न्यायाधीश एकत्र बसतात, येथे एकटेच. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी अशी एक सुनावणी पाहिली होती. आरोपी पंचविशीचा असेल. त्याने चार घड्या घातलेला कागद खिशातून काढला आणि वाचू लागला, पण हात इतका कापत होता की ओळ सापडेना. न्यायाधीशांनी हातातील पेन खाली ठेवले आणि काही न बोलता थांबले. सगळे कोर्ट थांबले. त्याचे वाचून झाल्यावर त्यांनी, कुटुंबाकडून आलेली पत्रे आपण काल रात्री पुन्हा वाचली असे सांगितले, आणि मग शिक्षा का द्यावी लागते व इतकीच का, हे त्याच्याकडे पाहत सावकाश समजावले. मार्शल त्याला आत घेऊन गेले, दुसऱ्या रांगेत बसलेली त्याची आई उठून उभी राहिली, आणि पुढचे प्रकरण पुकारले गेले. माझ्याबरोबरच्या सहा मुलांपैकी दोघांनी त्या दिवशी न्यायाधीश होण्याचा विचार सोडला, आणि एकीने तो तेथेच पक्का केला.

पगाराचे आपण विचारले आहे. २०२५ मध्ये तो वर्षाला २,४७,४०० डॉलर होता. न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये नवख्या वकिलाला पहिल्याच वर्षी २,२५,००० मिळतात, म्हणजे वीस वर्षांच्या अनुभवी वकिलाला हे पद घेताना बहुधा उत्पन्न कमी करून घ्यावे लागते. राजकीय पक्षाला देणगी देता येत नाही. एखाद्या कंपनीचा एक शेअर जरी घरात असला, तरी तिचे प्रकरण ऐकता येत नाही. वकील मित्रांशी पूर्वीसारखे मोकळे बोलणे राहत नाही, आणि हा एकटेपणा मला पगारापेक्षा मोठा वाटतो.

आणखी एक गोष्ट आई म्हणून आपल्याला सांगायलाच हवी. जुलै २०२० मध्ये न्यायाधीश सालास यांच्या नॉर्थ ब्रन्सविकच्या घरी, म्हणजे आपल्या गावाजवळच, त्यांच्यासमोर पूर्वी उभा राहिलेला एक वकील कुरियरवाल्याच्या वेषात आला. त्याने त्यांच्या वीस वर्षांच्या एकुलत्या मुलावर, डॅनियलवर, गोळी झाडून त्याचा जीव घेतला आणि पतींना गंभीर जखमी केले. त्यानंतर न्यायाधीशांचे घरचे पत्ते उघड होऊ नयेत यासाठी २०२२ मध्ये डॅनियलच्या नावाने फेडरल कायदा झाला. सालास आजही न्यायदान करीत आहेत.

मॅजिस्ट्रेट जज हे पदही ध्यानात असू द्यावे. जिल्हा न्यायाधीश स्वतःच त्यांची आठ वर्षांसाठी निवड करतात, जागेची रीतसर जाहिरात निघते आणि किमान पाच वर्षांचा वकिलीचा अनुभव लागतो. येथे राष्ट्राध्यक्ष किंवा सिनेटचा संबंध येत नाही.

सध्या मुलीवर कायद्याच्या पुस्तकांचा भार घालू नका. तिला भरपूर वाचू द्या, इतिहास आणि गणित दोन्ही नीट होऊ द्या, आणि दर आठवड्याला एखाद्या वादाच्या दोन्ही बाजू एकेका पानात लिहायला सांगा, इतक्या प्रामाणिकपणे की तिची स्वतःची बाजू कोणती हे वाचणाऱ्याला कळू नये. कर्ज कमी राहील असे पदवीचे विद्यापीठ निवडा. सरकारी बचाव वकिलाच्या पगारात मोठे कर्ज फेडणे अवघड जाते.

फेडरल न्यायालयातील बहुतेक सुनावण्या सर्वांसाठी खुल्या असतात. येत्या सुट्टीत तिला पुन्हा नूअर्कला न्या, त्या दिवशी शिक्षेची सुनावणी कोणत्या दालनात आहे याची चौकशी करा, आणि दोघी मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसा. परतीच्या गाडीत तिला लगेच काही विचारू नका. तिने आपणहून जे सांगितले, ते मला अवश्य कळवा.

आपली,
करिअर मार्गदर्शक