व्हिडिओ थांबव, आधी बाण काढ

ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि वही उघडली की हात अडतो. म्हणून पंधरा मिनिटांच्या व्हिडिओला पाऊण तास धर. फळ्यावर अभिकारकं लिहून झाली की लगेच पॉज कर, पुढचं स्वतः काढ, मगच प्ले कर.

अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते वक्र बाण दाखवतो, म्हणून तो नेहमी इलेक्ट्रॉन असतात तिथूनच निघतो. ब्रोमोमिथेन आणि हायड्रॉक्साइड घे. पहिला बाण ऑक्सिजनवरच्या एकाकी जोडीपासून (बंधात न अडकलेले दोन इलेक्ट्रॉन) कार्बनकडे, दुसरा कार्बन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनवर. दुसरा राहिला तर कार्बनला पाच बंध होतात, चूक तिथेच सापडते. एच प्लसपासून, म्हणजे प्रोटॉनपासून, बाण काढणं ही सर्रास होणारी चूक. त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत!

पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) मोजकेच पाठ कर, पण पक्के: ॲसिटिक आम्ल 4.76, अमोनियम 9.2, इथेनॉल सुमारे 16, टोकाचं अल्काइन सुमारे 25. प्रोटॉन कोण कोणाला देणार, हे यांवरून ठरतं आणि निम्मी पाठांतरं वाचतात.

त्रिमितीय रचना मात्र नुसत्या पडद्यावर उमगत नाही. कणकेच्या गोळीत चार टूथपिक खोच, टोकांना चार रंगांच्या गोळ्या लाव आणि हातात फिरव. आर-एस, म्हणजे कार्बनभोवतीच्या चार वेगळ्या गटांची उजवी की डावी मांडणी, ठरवताना सर्वांत कमी अग्रक्रमाचा गट मागे हवा. तो तुझ्याकडे तोंड करून असेल तर आलेलं उत्तर उलट कर. इथे घाई करू नकोस, एका दिवसाला पाच-सहा रेणू पुरेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ न लावता कोऱ्या कागदावर कालच्या अभिक्रियेची यंत्रणा, म्हणजे बाणांसह सगळे टप्पे, काढ. जिथे अडेल, तेवढाच भाग पुन्हा बघ.